आम्ही सॅम्पलवाले

हॉटेलात शिरल्यावर माणसं मेनूकार्ड मागतात. मी मोरी कुठे आहे ते बघतो. टेबल पुसायच्या फडक्याचा वास, चहाच्या पातेल्याचा तळ, पोऱ्याची नखं, बरणीतली माशी आत जाते आहे की बाहेर येते आहे, हे सगळं मी बूड टेकायच्या आत टिपलेलं असतं. मग मी एक भुवई वर चढवतो. ही भुवई वडिलोपार्जित आहे. अण्णा नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते आणि अन्नभेसळीचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. माझ्याकडे अधिकार कसलेच नाहीत, नुसती भुवई आली. बायको विचारते, "अहो, भजी मागवायचीत की जप्त करायचीत?"

अण्णा बाजारपेठेच्या तोंडाशी सायकलवरून उतरले की वर्दी त्यांच्या आधी शेवटच्या खानावळीत पोचायची. जिलब्यांवर जाळी पडे. तांब्यापितळेच्या भांड्याला कलई हवीच असा नियम होता, म्हणून कलई उडालेलं पातेलं गोणपाटाखाली दडे. उघड्या अंगाने पुऱ्या लाटणारा आचारी सदरा शोधत सुटे. सुट्टीच्या दिवशी मी मागे कॅरियरवर असायचो. ही सगळी पळापळ निदान निम्मी तरी आपल्यासाठी असते, अशी माझी खातरी होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही.

सॅम्पल घेणं म्हणजे तर सोहळाच. 1954चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा सोवळ्यातल्या आजीइतका कडक. आधी दुकानदाराला लेखी नोटीस. मग घेतलेल्या मालाचे पैसे चालू भावाने मोजायचे आणि पावती घ्यायची. मालाचे तीन भाग करायचे. दूध असेल तर 25 मिलिलिटरला फॉर्मॅलिनचे दोन थेंब, म्हणजे प्रयोगशाळेत जाईपर्यंत नासत नाही. बाटलीला घट्ट बूच, वरून जाड कागद, कागदाची टोकं दुमडून खळीने चिकटवलेली, आडवी-उभी सुतळी आणि लाखेचे चार ठसे: एक डोक्यावर, एक बुडाशी, दोन पोटावर. पेलाभर दुधाची एवढी बडदास्त!

आणि पंच! कायद्याला साक्षीदार लागे, आणि "पंच" हा शब्द अण्णांच्या तोंडून निघाला की पेठ ओस पडे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आमच्या गावात तो एका मुखालाही राजी नसे. "साहेब, पाणीच विकतो हा, पकडाच त्याला," असं मघाशी कानाशी लागून सांगणारा गृहस्थ एकाएकी बहिरा होई. दुसऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नसे. चष्मा घरी, घर समोरच, पण किल्ली बायकोकडे आणि बायको माहेरी. तिसऱ्याचं पित्त तत्क्षणी खवळे. एक शिंपी म्हणाला, "मी ह्याच्याकडूनच दूध घेतो साहेब. उधारीवर. मी कसा बोलू?" शेवटी अण्णांनी शेजारच्या न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गाठलं. त्याला पळताही येईना. त्याने साबणासकट येऊन सही केली, कागदावर फेसाचा एक ठिपकाही पाडला. पुढे तारखेला उभा राहून शपथेवर सांगितलं, "सही माझीच, पण डोळ्यांत फेस गेला होता, त्यामुळे दिसलं काही नाही." पंचनाम्यात फेसाचा उल्लेख नव्हता. दूधवाला सुटला.

पण सगळेच असे सुटत नसत. गाईच्या दुधात स्निग्धांश वगळून बाकीचे घनपदार्थ साडेआठ टक्के हवेत, असं नियम सांगत होता. ते का कमी भरले, पाणी घातलं की गाईलाच पेंड मिळाली नव्हती, हे बाटली सांगत नाही आणि कायदाही फारसं विचारत नसे. साठीच्या दशकात दुरुस्ती होऊन शिक्षा किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड अशी झाली. खास कारण दाखवलं तरच कोर्ट ती कमी करी. बडे लोक वकील देत, आणि वकील एखादा न उमटलेला ठसा शोधून काढी. एका गाईवर संसार ओढणाऱ्या म्हातारीला वकील कुठला? अण्णांची लाख कधी चुकत नसे. "त्या बाटलीवर चुकली असती तर बरं झालं असतं," असं ते एकदाच म्हणाले, तेही आईला. मला ऐकू गेलं हे त्यांना कळलं नाही. मला त्या चार ठशांचा अजून राग येतो.

गावातल्या कुठल्याही हॉटेलात अण्णांनी कधी चहा घेतला नाही. पैसे कोणी घेतले नसते. मिसळीची तल्लफ आली की ते एसटीने परगावी जात, जिथे त्यांना कुत्रं ओळखत नसे. एकदा मला नेलं होतं. मोरीकडे पाठ करून बसले, तर्री दोनदा मागवली आणि कपाळाचा घाम धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. भुवई जागची हलली नाही.

आता 2011पासून नवा कायदा आहे आणि हॉटेलांच्या भिंतीवर चौदा आकडी परवाना टांगलेला असतो. परवा एका ठिकाणी मी तो मोबाइल उंचावून, भुवई चढवून टिपत होतो. मालक गल्ला सोडून धावत आला. अंगावरून मोरपीस फिरलं माझ्या. म्हटलं, रक्त ओळखलं गड्याने!

"साहेब, रिव्ह्यू टाकताय का? पाच स्टार द्या हां!" असं म्हणून त्याने माझ्या पावभाजीवर लोण्याचा आणखी एक गोळा टाकला आणि बिल नको म्हणाला.

मी लोणी पावाला लावून घेत होतो. समोरून आवाज आला, "अहो, पैसे द्या. आणि पावती घ्या."