हजाराच्या आतले फुकट

संगीत म्हणे आता मालकांच्या तावडीतून सुटले. छत्तीसगढमधल्या उरल्याच्या कारखान्यांना खेटून असलेल्या बीरगांवातला पोरगाही खोलीत गाणे रेकॉर्ड करून रातोरात जगभर पोहोचवू शकतो. जगाने ऐकायचे तेवढे बाकी.

2024 पासून स्पॉटिफायचा नियमच आहे: वर्षभरात गाणे हजार वेळा वाजले नाही, तर दमडीही नाही. 999 वेळा ऐकणारे रसिक नुसत्या पुण्याचे धनी.

जुना जमाना मागासलेला. छत्तीसगढी ‘नाचा’ या लोकनाट्यात खूश झालेला प्रेक्षक बसल्या जागेवरून नोट हलवायचा. परी झालेला नट गाणे अर्धे टाकून यायचा, नोट घ्यायचा आणि पुन्हा सूर धरायचा. आपल्या तमाशातला दौलतजादाच तो. पहिल्याच दादेला रोकड! हजारापर्यंत थांबण्याची अक्कल कुणाला नव्हती.

दाऊ रामचंद्र देशमुखांनी तर 1971 मध्ये दुर्गजवळच्या बघेऱ्यात पदरमोड करून ‘चंदैनी गोंदा’ हा लोककलामंच उभा केला. संगीत खुमान साव यांचे, गीते लक्ष्मण मस्तुरियांची. सबस्क्रायबर न मोजता पैसे घातले, काय हा अव्यवहारीपणा!

आजचा समाज तसा कंजूष नाही. वरातीच्या डीजेला हजारो मोजतो आणि गल्लीतल्या गायकाला म्हणतो, “दोन गाणी म्हण रे, तेवढीच तुझी प्रसिद्धी.” पंगत उरली तर ताटही मिळते. निघताना सगळे आग्रह करतात, “लिंक पाठव हं!”

तो पाठवतो. दोन निळ्या खुणा उमटतात. झाला की पाठिंबा!