मोक्याच्या जागेवरील मनोरुग्णांविषयी सविनय निवेदन

बंद होऊ घातलेल्या मनोरुग्णालयांच्या जमिनींचे भवितव्य ठरविणाऱ्या सर्व मान्यवरांस,



एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णांना वस्तीपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवावे या हेतूने ज्या माळजमिनी निवडण्यात आल्या, त्यांच्या कुंपणाला पुढे शहरे येऊन भिडली आणि ज्या वास्तूकडे कोणी वळूनही पाहत नसे, तिचे क्षेत्रफळ अनेकांना तोंडपाठ झाले. अशा जमिनीचे सोने कसे करावे, याचा मार्गदर्शक दाखला उत्तर लंडनमधील कोलनी हॅचचा होय. १८५१ साली उघडलेल्या या मनोरुग्णालयाची वास्तू इटालियन धाटणीची होती आणि तिचा एक बोळ अर्ध्या किलोमीटरहून लांब होता. आपल्याकडे थट्टेत ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, तसे तेथे कोलनी हॅचचे नाव घेतले जाई. म्हणून १९३७ मध्ये ते बदलून ‘फ्राइर्न’ करण्यात आले. १९९३ साली रुग्णालय बंद झाले, त्याच भिंतींआड महागडी घरे तयार झाली आणि ‘प्रिन्सेस पार्क मॅनर’ असे तिसरे बारसे झाले. १९०३ च्या आगीत तेथील लाकडी वॉर्डात पन्नासहून अधिक स्त्रिया जळून मेल्या, हा तपशील अशा वेळी माहितीपत्रकात घालू नये; चौरस फुटाचा दर पडतो.

रुग्णालय बंद करणेच चूक होते, असा आक्षेप कोणी घेतल्यास मान्यवरांनी बिनदिक्कत फेटाळावा, कारण तो खरोखरच टिकणारा नाही. ब्रिटनचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी १९६१ मध्येच अशा रुग्णालयांतील खाटा पंधरा वर्षांत निम्म्यावर आणण्याची दिशा दाखविली होती. पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉ. ज्युलियन लेफ यांच्या चमूने फ्राइर्न व क्लेबरी या मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्या जुन्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा बहुतेकांना साध्या गल्लीतील नवे घर रुग्णालयापेक्षा अधिक रुचल्याचे आढळले. मात्र ‘समाजाधारित उपचार’, म्हणजे रुग्णाला वस्तीतच घर, औषधे, काम व सोबत पुरविण्याची व्यवस्था, नीट चालवायची तर ती स्वस्त पडत नाही. जमीन एकदाच विकता येते आणि देखभालीचा खर्च दरमहा येतो, हा हिशेब शाळकरी पोरालाही कळेल. तो सादरीकरणात न आल्यास बैठक वेळेत संपते.

इटलीतील त्रिएस्त येथे अभ्यासदौरा मुळीच काढू नये. तेथील मनोरुग्णालयाचे संचालक फ्रांको बासालिया यांनी १९७१ पासून आधी वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्य केंद्रे उभी करण्याचा व मगच रुग्णालय बंद करण्याचा उफराटा क्रम लावला. पूर्वी उपचाराच्या नावाखाली फुकट झाडलोट करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था काढून त्याच कामाचे वेतन त्यांना मिळवून दिले. आणि १९७८ मध्ये देशभर अशी रुग्णालये मोडीत काढणारा कायदा झाला, तरी त्रिएस्तच्या रुग्णालयाचे सान जोव्हान्नी हे आवार सार्वजनिकच राहिले. आज तेथे विद्यापीठाचे विभाग, नाट्यगृह, आरोग्यसेवेची कार्यालये आणि गुलाबांची मोठी बाग आहे. इतक्या जमिनीवर गुलाब लावलेले पाहून कोणाही मूल्यांकनकाराचे रक्त आटेल.

महाराष्ट्रात अद्याप रुग्णालय बंद करण्याची वेळ आलेली नाही. १९०१ सालच्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाची काही जमीन नव्या रेल्वे स्थानकासाठी वापरण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोकळा केला, एवढेच. स्थानक लोकांच्याच सोयीचे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या एकोणिसाव्या कलमानुसार, केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणालाही अशा संस्थेत ठेवता येत नाही. म्हणजे बऱ्या झालेल्यांसाठी शासनाला घरे लागणार, घरांसाठी जमीन लागणार, आणि ती कोठे आहे असे एखाद्या सदस्याने विचारले, तर तो प्रश्न ‘धोरणात्मक’ ठरवून पुढील बैठकीवर ढकलावा.

हरकती व सूचना मागविणे नियमाने भाग पडल्यास नोटीस मुख्य इमारतीतील फलकावर लावावी, वॉर्डात नव्हे. तेथील एखाद्या रुग्णाने ती वाचून रीतसर हरकत पाठविली, तर त्याची सही ग्राह्य धरावी काय, यावर विधी विभागाचा अभिप्राय घ्यावा लागेल आणि तोवर निविदेची मुदत टळून जाईल.