आवक-जावक

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या गृहस्थाला साताऱ्यासारख्या गावी, पोवई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःची सदनिका, वेळेवर येणारे निवृत्तिवेतन आणि पहाटे धापा न टाकता अजिंक्यतारा चढण्याइतकी प्रकृती लाभली असता त्याने आणखी काही मागू नये, असे आपणांस वाटेल. परंतु ज्याला उभ्या नोकरीत ‘आदेशार्थ सादर’ या दोन शब्दांपलीकडे स्वतःचे मत कागदावर उमटवण्याची मुभा नव्हती, त्याच्या पोटात चौतीस वर्षांची मते शिल्लक राहतात, आणि त्यांची तरतूद पेन्शनच्या कोणत्याही हिशेबात केलेली नसते. आमच्या भाऊसाहेबांच्या या थकबाकीची वसुली सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सुरू झाली. (भाऊसाहेब हे त्यांचे नाव नव्हे, टेबलापलीकडचा अर्जदार टेबलाअलीकडच्या माणसाला ज्या संबोधनाने विरघळवू पाहतो ते हे संबोधन, आणि निवृत्तीच्या दिवशी सरकारजमा करावयाच्या जिनसांत त्याचा उल्लेख नसल्याने ते त्यांच्यापाशीच राहिले.)

पाण्याची टाकी केव्हा धुणार एवढीच चौकशी करण्यासाठी बत्तीस बिऱ्हाडांनी काढलेल्या या गटाची ॲडमिनकी भाऊसाहेबांकडे आली आणि सहा महिन्यांत तेथे रीतसर कचेरी उभी राहिली. पहाटे साडेपाचला पहिली जावक निघते. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो आणि त्यावर दोन बाणांची खूण उमटते. कंपनीने ती सावधगिरीची सूचना म्हणून योजली असली, तरी ज्या खात्यात कागदाची इभ्रत त्यावरील शिक्क्यांच्या संख्येवर ठरते तेथे हयात गेलेल्या माणसाला तिच्यात दाखलाच दिसावा, हे साहजिक आहे. ‘दोन बाण आहेत, म्हणजे वरून मंजूर होऊन आलंय,’ असे त्यांनी मला एकदा जिन्यात, गंभीर चेहऱ्याने, पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात हसू ठेवून सांगितले. त्या हसण्यामुळेच त्यांची मते खरी धरावीत की खोटी, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. संदेशाखाली उमटणारे अंगठे मात्र ते मनापासून मोजतात. निशाणी डाव्या हाताचा अंगठा घेतल्याखेरीज त्यांच्या लेखी कोणताच दस्तऐवज पुरा होत नाही.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निर्णय दिला, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, उभयतांचा समान हेतू सिद्ध झाल्यावाचून, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्या बातमीचे कात्रण भाऊसाहेबांनी लॅमिनेट करून घेतले आहे. जबाबदारीवाचून अधिकार ही चीज मामलेदारांच्या नशिबीही कधी आली नव्हती.

राजकारणावरील त्यांची मते समजून घ्यावयाची तर सातबारा वाचता यावा लागतो. उताऱ्यावरचे जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, आणि फेरफाराचा क्रमांक घालून नवे नाव खाली चढवतात; भाऊसाहेबही आपले कोणतेही मत मागे घेत नाहीत, त्याला कंस करतात. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी, चौथ्या शनिवारच्या सुट्टीच्या सकाळी, हातातल्या वर्तमानपत्रात मुख्यमंत्रिपदासाठी एकाचे नाव आणि समोरच्या दूरचित्रवाणीवर शपथ घेणारा दुसराच, असा देखावा पाहून भल्याभल्यांचा चहा निवला, तेव्हा त्यांनी न डगमगता पहिला फेरफार घातला. मंगळवारी राजीनामा झाला, दुसरा घातला. गुरुवारी शिवाजी पार्कवर शपथविधी झाला, तिसरा घातला. पुढे जून २०२२ मध्ये आमदार सुरतमार्गे गुवाहाटीस गेले आणि जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या पक्षाचीही वाटणी झाली, त्या काळातला त्यांचा उतारा केवळ कंसांचा बनलेला आहे. ‘तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’ असे विचारले असता ते म्हणाले, ‘कब्जेदाराच्या.’

कामाविषयीचे त्यांचे मत मात्र आमूलाग्र एकच आहे आणि ते दुःखातून जन्मलेले आहे. राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला आणि भाऊसाहेब निवृत्त झाले ३१ जानेवारीला. एकोणतीस दिवसांनी हुकलेले ते शनिवार त्यांच्या मनात अद्याप तगादा लावून असतात. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले, तेव्हा त्यास पहिले अनुमोदन आमच्या गटावरून गेले. मात्र खाली शेरा होता, की सदर नियम पूर्वलक्षी प्रभावाने लागू समजू नये. त्यांचे चिरंजीव पुण्यातील एका संगणक कंपनीची नोकरी घरातूनच करतात. समोर कोणी ताटकळत उभे नसताना माणूस काम करू शकतो, ही कल्पना भाऊसाहेबांना अजून पटलेली नाही.

मला त्यांची थट्टा करताना थोडे चुकल्यासारखे वाटते ते एवढ्यासाठी, की पूर्वी मसुदा यांचा आणि सही साहेबांची असे, आता मसुदा कोणा अज्ञाताचा आणि खाली सही यांची, ‘आपला, भाऊसाहेब, अव्वल कारकून (नि.)’. दोन्हींच्या मधली, स्वतःच्या मसुद्यावर स्वतःची सही करण्याची, पायरी त्यांच्या वाट्याला एकदाच आली. गेल्या पावसाळ्यात एका रात्री गटावर चार ओळी उमटल्या: ऑगस्ट २०१९ च्या पुरात पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळीला असताना पाटणकडून एक फोन आला, त्या माणसाने काही मागितले नाही, पाणी उंबऱ्याला लागले एवढेच सांगितले, आणि फोन ठेवला नाही, मग मीही ठेवला नाही. दोन बाण नव्हते, सहीही नव्हती.

तासभर कोणी काही बोलले नाही. मग तिसऱ्या मजल्यावरून पृच्छा आली: ‘भाऊसाहेब, हे कुठून आलं? खात्री करून टाकत जा.’

बऱ्याच वेळाने खाली आणखी एक ओळ आली: ‘जसा आला तसा पुढे पाठवला आहे.’

पाठोपाठ अकरा अंगठे पडले.