झाकणाला हात लावू नये

काच एकजीव व्हायला आठशे अंशांच्या आसपास ताप लागतो. हे ढोकीत कुणाला पटत नाही, कारण माझी भट्टी दोन पिठाचे डबे मावतील एवढीच आहे आणि न्हाणीमागच्या पत्र्याच्या शेडात बसवलेली आहे. "काय शिजायलंय?" असं येणारा-जाणारा विचारतो. काच म्हटलं की तो माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे बघतो.

रंगीत काचेचे तुकडे कापायचे, एकावर एक रचायचे आणि वितळवून त्यांचं ताट करायचं, एवढाच हा उद्योग. अट एकच, सगळे तुकडे एका जातीचे हवेत. तापताना सारखे फुगणारे, निवताना सारखे आकसणारे. जात बघून जुळवायची पद्धत गावाला नवी नाही, पण काचेच्या बाबतीत सगळे एकदम उदार होतात. कुणी खिडकीची काच आणतं, कुणी मोटारसायकलचा आरसा, कुणी लोणच्याची बरणी, तीही आतल्या खारासकट. "घरात फुटकी काच ठेवू नये म्हणतात, म्हणून तुमच्याकडं आणली." माझं घर बहुधा घरात मोडत नसावं.

सातशे नव्वदला लाईट जाते. सहाशेला जात नाही. डीपी जळालेली असते, किंवा वायरमनच्या भाषेत "वरूनच गेली" असते. तुकडे मग धड एकजीव नाहीत, धड सुटेही नाहीत, वाटणी रखडलेल्या भावांसारखे चिकटून राहतात आणि सकाळी तडकतात. शेजारच्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला, उत्खननात काचेचे मणी सापडले. लामतुरे संग्रहालयात तिथल्या जुन्या वस्तू बघताना मला कारागिरीचं कौतुक नंतर वाटतं. आधी वाटतं, यांना डीपी नव्हती.

पण लाईटचं दुःख मी गिळलंय. खरं दुःख झाकणाचं. वितळलेली काच पाचशेच्या आसपास तासभर थोपवून धरायची आणि मग रात्रभर हळूहळू निवू द्यायची. पुस्तकी मराठीत याला तापानुशीतन म्हणतात. शब्द उच्चारेपर्यंतच निम्मी काच निवते. पाहुण्यांना एवढा दम नसतो. भाकरी उलटून बघता येते, भात दाबून बघता येतो, मग हेच काय सोवळ्यातलं?

गेल्या आठवड्यात मामांनी बघितलं. मी चहा सांगायला आत गेलो होतो. झाकण बोटभरच उचललं, असं ते अजून म्हणतात. बाहेरची हवा आत गेली आणि आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. निळं ताट, मधोमध दोन. मामांनी दोन्ही तुकडे नीट न्याहाळले आणि म्हणाले, "बरं झालं, आजच कळलं."

उद्या सकाळी लाईट असली तर भट्टी लावणार आहे. परवा सकाळपर्यंत शेडाकडे कुणी फिरकू नये. नंतर अवश्य यावं, चहा होईल. येताना बरणी आणू नये.