टेपकाका

कुंभवली नाक्यावरच्या रेनट्रीला कोणी टेप गुंडाळू लागलं की टपरीवाले आधी बाकडी आत ओढतात. एमआयडीसीचा माणूस आला, रस्ता रुंद होणार, असा त्यांचा समज. मग खोडामागून टेपकाकांची टोपी डोकावते आणि बाकडी पुन्हा बाहेर येतात. "चार सेंटीमीटर!" काका ओरडून सांगतात, पोराचा दहावीचा निकाल लागल्यासारखं. टपरीवाला "बरं झालं" म्हणत कटिंग पुढे करतो.

काका वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरी डहाणू विभागात, साग, खैर आणि ऐन यांच्या सहवासात गेली. निवृत्त माणसं ऑफिसातून काही ना काही घरी आणतातच. कोणी फाइल, कोणी दरारा. यांनी 1.37 मीटर आणलं. झाडाचा घेर आपलं वनखातं जमिनीपासून बरोबर या उंचीवर मोजतं, म्हणजे साडेचार फुटांवर, उभ्या माणसाच्या छातीशी. काठीवर तिथे लाल खूण करतात. काकांनी शर्टाचं दुसरं बटण त्याच उंचीवर लावून घेतलंय. काठी विसरली तरी अडत नाही.

टेप धातूची. कापडी टेप ताणली जाते, ती शिंप्याला चालते. सुटी साल हाताने झाडायची, उतारावर वरच्या अंगाला उभं राहायचं, टेप तिरकी होऊ द्यायची नाही. महिना दरवर्षी तोच आणि वेळ सकाळचीच, कारण दुपारच्या उन्हात झाड पाणी सोडतं आणि खोड किंचित आखडतं. हा फरक मिलिमीटरहूनही कमी असतो. पण काकांचं म्हणणं, वाढही त्याच जातीची असते.

इथवर निरुपद्रवी. पंचाईत होते ती काका हेच नियम माणसांना लावतात तेव्हा. खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ वेगळे व्हायला निघाले, रेशनकार्डावरून जुंपली. काकांनी एकच विचारलं, "भांडण लहानपणापासूनचं ना? मग साडेचार फुटांच्या खालीच दुभंगलेत. दोन खोडं धरा, दोन कार्डं करा." नियम खात्याचाच आहे, आणि खरं सांगायचं तर मला निकालही चुकीचा वाटला नाही. कोणी जावयाचं कौतुक करू लागलं, की काका विचारतात, "वय काय त्यांचं?" सागाच्या बाबतीत जमीन कोणत्या दर्जाची, हे पन्नासाव्या वर्षी झाडं किती उंच जातात त्यावरून ठरवतात. जावईबापूंना अजून अठरा वर्षं आहेत.

पण काकांचा खरा अवतार पाहावा तो शेजारच्या अण्णांकडे. नव्वदच्या दशकात सागाच्या लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी झाडामागे लाख घ्या. अशा योजनांसाठी सेबीचे नियम आले 1999 मध्ये. तोवर अण्णा पैसे भरून बसले होते. कंपनी कधीच गेली, पण सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात आहे. ते एकदा त्यांनी काकांना दाखवलं. काकांनी चष्मा लावला, झाडाचं रंगीत चित्र न्याहाळलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडायला घेतलं. लॅमिनेशनवर पेन उठेना, म्हणून वर्तमानपत्राच्या कडेला मांडलं.

"वीस वर्षांत घेर धरू साठ सेंटीमीटर. सरळ ओंडका चार मीटरचा. घेराला चारने भागा, पंधरा. पंधराचा वर्ग सव्वादोनशे, गुणिले लांबी. म्हणजे 0.09 घनमीटर. त्यातलं बाहेरचं पांढरं लाकूड सुतार घेणार नाही."

"एवढंच?" अण्णांचा आवाज बसला.

काकांना दया आली. "तसं नाही. या चौथाईच्या हिशेबात खरं माप साडेएकवीस टक्क्यांनी कमी भरतं. ते धरलं तर 0.11 च्या पुढे जाईल."

अण्णांचा चेहरा जरा उजळला. तेवढ्यात काकांनी विचारलं, "झाड कुठे आहे पण?" अण्णांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. नंतर आठवडाभर दोघांत बोलणं नव्हतं. मग काकाच गेले समजूत घालायला, आणि केरळात निलांबूरला 1840च्या दशकात लावलेले साग अजून उभे आहेत, तेव्हा तुमचा निदान कापायच्या वयाचा तरी झाला नव्हता, असं सांगून आले.

परवा डॉक्टरांनी काकांची साखर वाढल्याचं सांगितलं. "एका मापावरून वाढ कशी काढता?" काकांनी त्यांनाच धरलं. "पहिलं माप, दुसरं माप, मध्ये निदान पाच वर्षं. त्याशिवाय वाढीचा वेग निघत नाही." डॉक्टर काकूंकडे बघू लागले.

"तुम्ही गोळ्या लिहा हो," काकू म्हणाल्या. "महागाई भत्ता वाढल्याचं कानावर आलं ना, की यांना तेवढं एकच माप पुरतं. संध्याकाळी मिठाईचा बॉक्स घेऊन येतात, तिथूनच आलीय ही साखर."