कॅशवाले नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. २०१६ ला नोटाबंदी झाली, तेव्हा सगळं जग मोबाइलवरून पैसे द्यायला शिकलं. नाना सुट्टे साठवायला शिकले. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत च्यवनप्राशची रिकामी बरणी असते, तिच्यात दहाची नाणी.

"यूपीआय म्हणजे पैसे हवेतून जाणार. मधेच कुणी झेलले तर?" हा त्यांचा मूळ सिद्धांत. भाजीच्या गाडीवरचा डबा "सत्तर रुपये प्राप्त हुए" असं ओरडला, की नाना दचकून मागे बघतात. कुणी कितीची भाजी घेतली हे चौकाला कळणं, ही त्यांच्या मते दरोड्याची पूर्वतयारी. क्यूआरचं स्टिकर ते नखाने खरवडून बघतात. (यात मात्र ते चुकत नाहीत. दुकानदाराच्या स्टिकरवर आपलं चिकटवून जाणारे महाभाग आहेत.)

एवढे सावध नाना एटीएम कार्डाच्या कव्हरवर पिन मार्करने लिहून ठेवतात. वर मागच्या अनोळखी पोराला, "बाळ, चष्मा घरी राहिला, जरा दाब रे," म्हणून तोच दाबायलाही लावतात. पोरगा चेहऱ्यावरून सज्जन वाटतो. फोनला चेहरा नाही, ही त्याची खरी अडचण.

शेवटी मुलाने ॲप टाकून दिलंच. नानांनी त्यासाठी वेगळं खातं उघडून त्यात पाचशे रुपये ठेवले. आम्ही हसलो. आमच्या ॲपला पगाराचं खातं जोडलेलं आहे.

परवा त्यांनी जुना कूलर विकायला काढला. लगेच एका 'फौजी'चा फोन. "अंकल, क्यूआर भेजा है. स्कॅन करके पिन डालो, छे हजार आ जायेंगे."

"पैसा तू देणार और पिन मेरा? अरे, जन्मभर मनीऑर्डरी घेतल्या, पोस्टमनने कभी कपाट की किल्ली नहीं मांगी!"

पिन लागतो तो पैसे जाताना, येताना नाही. सगळी ॲपं हे बजावून सांगतात. रोज ॲप वापरणाऱ्यांपैकी ते वाचलेला मला अजून भेटायचा आहे. नानांनी न वाचताच ओळखलं. आणि फोन ठेवतील तर ते नाना कसले! युनिट कुठली, पेन्शन किती बसेल, सगळी चौकशी झाली.

"पोस्टिंग किधर है?"

"लेह, अंकल."

"लेह में तो थंडी बजती है ना रे? फिर कूलर कशाला?"