शेजारधर्माची कलमं

गावातल्या शेजारासारखं सुख नाही, असं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात बसून सांगणाऱ्यांचं फारसं चुकत नाही. दुखणं आलं की डॉक्टरच्या आधी शेजारीण पोचते. निदानही तिचंच आधी होतं. मयताला लाकडं आणा, असं कुणाला सांगावं लागत नाही. लावणीला आज माझं खाचर, उद्या तुझं, हा हिशेब वहीशिवाय चालतो. फक्त, वहीत नसलेला हिशेब मिटवताही येत नाही. कोकणात गावकीने एखादं घर वाळीत टाकलं की याच शेजाऱ्यांकडून वाणसामान बंद, दळण बंद, मयताला खांदाही बंद. रायगडातून अशा तक्रारी इतक्या आल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६चा स्वतंत्र कायदा करावा लागला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या मयताला जावं म्हणून विधिमंडळाने कलमं लिहिली, हा शेजारधर्माचा गौरव म्हणायचा की पंचनामा?

वाळीत टाकणं हे गावकीच्या पंचांचं काम, साध्या माणसांचं नव्हे, असं कुणी म्हणेल. पण पंच काही स्वतः गिरणी चालवत नाहीत. दळणाचा डबा परत पाठवणारा साधा माणूसच असतो, आणि तो बिचारा ‘आपल्याला गावात राहायचंय’ एवढंच सांगतो. शहरातल्या सोसायट्या तरी कुठे संत आहेत? नाहीतच. पण तिथे सेक्रेटरीने तोंड फिरवलं म्हणून कुणाचं पीठ अडत नाही. इथे दुसरी गिरणी पुढच्या गावात, आणि तिचा मालक पंचांचा मेहुणा.